मटेरियल इम्प्लिकेशन: हे 'मटेरियल' आलं कुठून, आणि खोट्या 'जर'ला खरं का म्हणायचं?

नदीकाठ

बारावीच्या गणिताचा पहिलाच धडा तर्कशास्त्राचा. त्यात 'क असेल तर ख' या विधानाची सत्यता सारणी येते. या सारणीने ठरणाऱ्या जर-तरलाच 'मटेरियल इम्प्लिकेशन' म्हणतात. क खरं आणि ख खरं, तर अख्खं विधान खरं. क खरं आणि ख खोटं, तर विधान खोटं. इथवर कुणाची तक्रार नसते. पुढच्या दोन ओळींत क खोटं आहे, आणि सारणी म्हणते की ख काहीही असो, विधान खरंच धरायचं. वर्गात बहुतेकदा इथे "ही व्याख्या आहे, लक्षात ठेवा" एवढं सांगून गाडी पुढे जाते. मला ते फार खटकतं. या दोन ओळींवर माणसं तेवीसशे वर्षं वाद घालत आली आहेत आणि तो वाद नीट समजला तर सारणी घोकावी लागत नाही. म्हणून हा धागा.

सुरुवात ग्रीसमध्ये, इ.स.पू. ३०० च्या आसपास. मेगारा या ग्रीक शहराच्या तत्त्वज्ञ-परंपरेतला डायोडोरस क्रोनस आणि त्याचा शिष्य फायलो. प्रश्न असा की 'जर-तर' वाक्य खरं कधी म्हणायचं? फायलोचं उत्तर सरळ होतं: पहिला भाग खरा आणि दुसरा खोटा, एवढी एक स्थिती सोडून बाकी सगळीकडे ते खरं. म्हणजे आजची आपली सारणीच. गुरूला हे पटलं नाही. फायलोच्या नियमाने 'दिवस असेल तर मी बोलतो आहे' हे वाक्य भर दिवसा बोलत असताना खरं ठरतं. डायोडोरस म्हणाला, दिवस आहे आणि मी गप्प आहे असंही होऊ शकलं असतं, मग ते खरं कसं? त्याच्या मते पहिलं खरं आणि दुसरं खोटं हे पूर्वीही शक्य नसावं आणि आताही शक्य नसावं, तरच जर-तर खरं.

यात तिसरा पक्ष पुढे आला. तो साधारणपणे स्टोइक या ग्रीक तत्त्वज्ञान-पंथातल्या क्रिसिपसच्या नावावर धरतात: दुसऱ्या भागाचा नकार पहिल्या भागाशी विसंगत असला पाहिजे, म्हणजे दोघांत काहीतरी धागा हवा. हा सगळा वाद आपल्यापर्यंत पोचला तो मुख्यतः सेक्स्टस एम्पिरिकस या नंतरच्या ग्रीक लेखकामुळे. त्याने दिलेली उदाहरणं मला फार आवडतात. 'पृथ्वी उडत असेल तर पृथ्वीला पंख आहेत': दोन्ही खोटं, विधान खरं. 'पृथ्वी उडत असेल तर पृथ्वी अस्तित्वात आहे': पहिलं खोटं, दुसरं खरं, विधान खरं. खालच्या दोन्ही ओळी तिथे हजर आहेत. अलेक्झांड्रियाचा कवी कॅलिमाकस याने तर लिहून ठेवलंय की छपरावरचे कावळेसुद्धा 'कशाला काय जोडलंय' म्हणून ओरडत असतात. तर्कशास्त्रातला एक मुद्दा कवितेत यावा इतकी चर्चा तेव्हा होती, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

(जाता जाता: डायोडोरसच्या पाचही मुली तर्कशास्त्रात पारंगत होत्या असं अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने नोंदवलंय, आणि ही माहिती तो याच फायलोच्या हवाल्याने देतो. मेनेक्सेनी, आर्गिया, थेओग्निस, आर्टेमिसिया, पँटाक्लेया. त्यांनी स्वतः लिहिलेलं आज काहीच हाती नाही, पण नावं तरी इथे असू द्या.)

नंतर फायलोची बाजू कितीतरी शतकं मागे पडली. १८७९ मध्ये येनाच्या गोटलोब फ्रेगेने 'बेग्रिफ्सश्रिफ्ट' हे तर्कशास्त्राचं पुस्तक लिहिलं आणि जर-तरसाठी नेमकी हीच व्याख्या घेतली. 'जर' या शब्दात जो कार्यकारणाचा सूर असतो तो माझ्या चिन्हात नाही, हे त्याने तिथेच स्पष्ट केलंय. 'मटेरियल इम्प्लिकेशन' हे नाव रूढ झालं ते बर्ट्रांड रसेलच्या १९०३ च्या 'प्रिन्सिपल्स ऑफ मॅथेमॅटिक्स'पासून. १९१० च्या 'प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका'त ते व्हाइटहेड आणि रसेल यांनी एका ओळीत बसवलं: 'क तर ख' म्हणजे 'क नाही किंवा ख आहे'.

माझं म्हणणं एवढंच: ही व्याख्या मनमानी नाही. गणितात 'सर्व' हा शब्द वापरायचा असेल तर हीच घ्यावी लागते. कसं ते चर्चेत मांडतो. जाणकारांनी भर घालावी, विशेषतः न्यायशास्त्राच्या, म्हणजे भारतीय तर्कपरंपरेच्या बाजूने.

सांजवारा

धागा आवडला, पण मूळ आक्षेप तसाच राहतो. 'पुणे जपानमध्ये असेल तर दोन आणि दोन चार होतात' असं वाक्य कोणी बोलत नाही. बोललंच तर आपण विचारू, या दोघांचा संबंध काय? आणि सारणी म्हणते, हे खरं आहे. मग ही जर-तरची व्याख्या नव्हे. ती दुसऱ्याच कशाची तरी व्याख्या आहे आणि तिला जर-तरचं नाव दिलंय.

काजवा

वाचतेय. सांजवारा यांच्याशी सहमत.

नदीकाठ

@सांजवारा, संबंधाचा मुद्दा रास्त आहे, त्याकडे येतो. आधी 'सर्व'चं बघू.

हे विधान घ्या: 'कोणतीही संख्या २ पेक्षा मोठी असेल तर तिचा वर्ग ४ पेक्षा मोठा असतो.' हे खरं आहे याबद्दल कुणाला शंका नाही. 'कोणतीही' म्हटलंय, म्हणजे हवी ती संख्या घालून बघायची मुभा आहे. ३ घाला: ३ दोनापेक्षा मोठा, ९ चारापेक्षा मोठा. खरं-खरं. आता उणे ३ घाला. तो दोनापेक्षा मोठा नाही, पण वर्ग ९ आहे, म्हणजे चारापेक्षा मोठा. खोटं-खरं. आता १ घाला. १ दोनापेक्षा मोठा नाही, वर्गही चारापेक्षा मोठा नाही. खोटं-खोटं. उणे ३ किंवा १ दाखवून कोणी "तुमचं प्रमेय चुकलं" म्हणेल का? नाही म्हणणार. म्हणजे या तिन्ही ओळींत जर-तर खरं धरणं आपण आधीच मान्य केलेलं आहे. 'खरं-खोटं' ही ओळ मात्र एकदाही सापडता कामा नये. प्रमेय सांगतं ते तेवढंच.

दुसऱ्या बाजूनेही हेच निघतं. वरच्या दोन ओळी सगळ्यांना मान्य आहेत. खालच्या दोन भरायचे चारच मार्ग आहेत. दोन्ही 'खोटं' भरल्या तर ते 'क आणि ख' झालं. 'खोटं, खरं' भरलं तर 'क तरच ख आणि ख तरच क' असं दुहेरी विधान झालं. 'खरं, खोटं' भरलं तर सगळं मूल्य ख चंच उरलं, क ची गरजच संपली. एकच मार्ग शिल्लक राहतो. खरं-खोट्यावरून ठरणारं एकेरी जर-तर हवं असेल तर ते हेच.

वर्गपाठ

मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. वरची चार मार्गांची मांडणी वर्गात चालते, पण मुलांना त्याआधी एक हाताशी असणारं उदाहरण लागतं. मी एसटीचं देते.

एसटीत ७५ पूर्ण झालेल्यांना २०२२ पासून मोफत प्रवास आहे. नियम जर-तरमध्ये मांडा: 'कुणी अमृत ज्येष्ठ नागरिक योजनेचं मोफत तिकीट घेतलं असेल, तर त्याचं वय ७५ पूर्ण असलं पाहिजे.' कंडक्टर कोणाचं ओळखपत्र मागेल? ज्याने ते तिकीट घेतलंय त्याचं. पूर्ण पैसे भरून बसलेल्या वीस वर्षांच्या मुलाने नियम मोडला का? नाही. पैसे भरून बसलेल्या ऐंशीच्या आजींनी? त्यांनीही नाही. मुलं लगेच सांगतात, "मॅडम, त्यांचा प्रश्नच नाही." हा 'प्रश्नच नाही' म्हणजेच खालच्या दोन ओळी. नियम मोडला गेला नाही, म्हणून विधान खरं.

यावर मानसशास्त्रातही काम झालंय. पीटर वेसनने १९६६ मध्ये चार पत्त्यांचं कोडं मांडलं. मूळ कोडं रोमन अक्षरांचं आहे, मी मराठीत सांगते. टेबलावर चार पत्ते: अ, क, ४, ७. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला संख्या. नियम: एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या. नियम पाळला गेलाय का हे ठरवायला कोणते पत्ते उलटावे लागतील? बहुतेक लोक 'अ आणि ४' म्हणतात किंवा नुसतंच 'अ'. बरोबर उत्तर 'अ आणि ७'. ४ च्या मागे व्यंजन निघालं तरी नियम मोडत नाही, ७ च्या मागे स्वर निघाला तर मोडतो. पुढे १९८२ मध्ये ग्रिग्ज आणि कॉक्स यांनी हाच सांगाडा दारू पिण्याच्या वयाच्या नियमात घालून दिला, तेव्हा बहुतेकांनी बरोबर पत्ते उचलले. म्हणजे ही सारणी माणसाच्या डोक्याला परकी नाही. नियम कोण मोडतंय हे शोधायचं असलं की ती आपोआप वापरली जाते. अक्षरं आणि आकडे आले की हातातून सुटते.

तर्कदीप

न्यायाच्या बाजूने थोडं लिहितो.

अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह सतराव्या शतकातला, नव्यन्याय (न्यायपरंपरेची नंतरची शाखा) शिकणाऱ्याचा पहिला ग्रंथ. (मुंबईहून १८९७ साली आठल्ये आणि बोडस यांची टिपांसह आवृत्ती निघाली. पाश्चात्त्य तर्कशास्त्राशी तुलना करून पाहायची असेल तर त्या टिपा अजूनही वाचण्यासारख्या आहेत.) त्यात 'तर्क' या पारिभाषिक शब्दाची व्याख्या अशी: व्याप्यारोपेण व्यापकारोपस्तर्कः. म्हणजे एक गोष्ट मुद्दाम धरून चालायची आणि तिच्यासोबत जे येतंच तेही धरायचं. उदाहरण: यदि वह्निर्न स्यात्तर्हि धूमोऽपि न स्यात्. अग्नी नसता तर धूरही नसता. धूर तर डोळ्यांना दिसतोय, म्हणून 'अग्नी नसेल' ही शंका गळून पडते.

सांगाडा जर-तरचाच आहे. पण गंमत वर्गवारीत आहे. तर्कसंग्रहात अयथार्थ (वस्तुस्थितीशी न जुळणाऱ्या) अनुभवाचे तीन प्रकार सांगितलेत: संशय, विपर्यय (भ्रम) आणि तर्क. म्हणजे नैयायिक या जर-तरला संशय आणि भ्रमाच्या पंक्तीत बसवतो! कारण जिथे अग्नी आहे हे माहीत आहे तिथे 'अग्नी नाही' असं मुद्दाम आरोपित केलेलं ज्ञान ते. ते यथार्थ कसं असेल? तरीही ते टाकाऊ नाही. ते स्वतः प्रमाण (ज्ञानाचं साधन) नाही, पण प्रमाणाला साहाय्य करतं, व्यभिचाराची, म्हणजे नियमाला अपवाद असेल अशी शंका फेडतं. उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत म्हटलंय, 'व्याघातावधिराशङ्का'. शंका घ्यायची ती व्याघात, म्हणजे आपल्याच वागण्याशी विरोध, येईपर्यंतच.

फायलो वाक्याची किंमत ठरवतो. नैयायिक ज्ञानाची किंमत ठरवतो. म्हणून पूर्वांग ('जर'चा भाग) खोटं असलेलं जर-तर तिकडे खरं आणि इकडे अयथार्थ, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. मटेरियल इम्प्लिकेशनला थेट जोड आपल्याकडे शोधू नये असं माझं स्पष्ट मत आहे. 'व्याप्ती'ला (एकासोबत दुसरं असतंच, या नियमाला) तिच्याशी जोडणं तर अगदीच चुकीचं. व्याप्ती दोन वाक्यांत नसते, धूम आणि अग्नी यांच्यात असते, आणि तिला उदाहरण लागतं. म्हणून तर न्यायाच्या पाच पायऱ्यांच्या अनुमानात (पंचावयवी वाक्यात) 'जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघर' हे येतं.

सांजवारा

तर्कदीप, हा प्रतिसाद जपून ठेवतेय. माझा आक्षेप आता अधिक नेमका मांडता येतो.

'पानिपतावर मराठे जिंकले असते तर इंग्रजांचं राज्य आलं नसतं.' 'पानिपतावर मराठे जिंकले असते तर इंग्रजांचं राज्य आणखी लवकर आलं असतं.' १७६१ चा निकाल आपल्याला माहीत आहे, पूर्वांग खोटं. फायलोच्या हिशेबाने दोन्ही वाक्यं खरी. मग इतिहासाचे अभ्यासक वाद कशावर घालतात? ही दोन वाक्यं एकदम खरी मानली तर तो सगळा अभ्यासच निरर्थक होतो.

नदीकाठ

हा सगळ्यात भक्कम आक्षेप आहे आणि तो मान्यच करायला हवा: 'असता तर'ची वाक्यं मटेरियल इम्प्लिकेशनच्या कक्षेबाहेर आहेत. त्यांचं वेगळं तर्कशास्त्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभं राहिलं, १९६८ मध्ये रॉबर्ट स्टॉलनेकर आणि १९७३ मध्ये डेव्हिड लुइस यांच्या लेखनातून. अगदी ढोबळ सांगायचं तर आपल्या जगाशी जास्तीत जास्त मिळतंजुळतं पण मराठे जिंकलेलं जग कल्पायचं आणि तिथे इंग्रजांचं काय होतं ते बघायचं. कोणतं जग जास्त मिळतंजुळतं यावर वाद होतो, आणि इतिहासकारांचा वाद तिथेच असतो. डायोडोरसलाही शक्याशक्यतेची भाषा वापरावी लागली होती हे आठवा.

साध्या जर-तरबद्दल दुसरा लुइस, क्लॅरेन्स आयर्व्हिंग, हाच आक्षेप घेऊन आला होता. १९१२ मध्ये 'माइंड'मध्ये त्याने लिहिलं की रसेलच्या व्याख्येने खोटं विधान कशालाही सूचित करतं आणि खऱ्या विधानाला काहीही सूचित करतं. रसेलने हे लपवलं नव्हतं. १९०३ च्या पुस्तकात तो स्वतःच सांगतो की कोणतीही दोन विधानं घ्या, त्यातलं एक दुसऱ्याला सूचित करतंच. 'आज मुंबईत पाऊस आहे' आणि '१७ ही मूळ संख्या आहे', यांतसुद्धा! लुइसने उपाय म्हणून 'स्ट्रिक्ट इम्प्लिकेशन' आणलं: क खरं आणि ख खोटं असणं अशक्य असलं पाहिजे. आधुनिक मोडल लॉजिकची, म्हणजे शक्य-अशक्यच्या तर्कशास्त्राची सुरुवात इथून होते. तरी अशक्य विधानावरून काहीही निघतं ही अडचण त्यातही शिल्लक राहिली.

मला अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ क्वाइनचं निदान जास्त पटतं. रसेलने 'इम्प्लाइज' हे क्रियापद वापरलं तिथे घोळ झाला. 'क वरून ख निघतं' हे दोन वाक्यांविषयी केलेलं विधान आहे. 'क असेल तर ख' हे दोन वाक्यं जोडून केलेलं एक वाक्य आहे. पहिल्यात संबंध लागतोच. दुसऱ्यात फक्त खरं-खोटं बघितलं तरी भागतं. म्हणून आज बरीच पुस्तकं 'मटेरियल कंडिशनल' म्हणतात. सांजवारा यांनी पहिल्याच प्रतिसादात 'नाव चुकीचं' म्हटलं होतं, ते अर्धं इथे बरोबर ठरतं.

रात्रपाळी

चिप व्हेरिफिकेशनमध्ये, म्हणजे चिपचं डिझाइन तपासण्याचं काम करतो. आमच्याकडे या खालच्या दोन ओळी रोज भेटतात, म्हणून लिहितोय.

सिस्टिमव्हेरिलॉग या भाषेत आम्ही असर्शन, म्हणजे डिझाइनने पाळायचे नियम लिहितो: 'रिक्वेस्ट आली तर पुढच्या तीन क्लॉक सायकलमध्ये ग्रँट मिळालीच पाहिजे.' आता समजा रिसेट सुटलंच नाही, म्हणजे चिप चालूच झाली नाही, किंवा टेस्टमध्ये रिक्वेस्ट कधी पाठवलीच गेली नाही. असर्शन एकदाही फेल होत नाही. रात्रभर चाललेल्या सगळ्या टेस्ट (रिग्रेशन) सकाळी हिरव्या, म्हणजे पास. तर्काने बघितलं तर ते खरंच आहे, पण डिझाइनबद्दल त्याने काहीही सांगितलेलं नाही. याला 'व्हॅक्युअस पास' म्हणतात आणि चांगली टूल्स तो वेगळा मोजून दाखवतात. उपाय म्हणून 'जर'च्या भागासाठी वेगळी कव्हर प्रॉपर्टी (ही गोष्ट घडली का याची नोंद) लिहायची, म्हणजे रिक्वेस्ट निदान एकदा तरी आली होती याचा पुरावा मिळतो.

सॉफ्टवेअरवाल्यांनाही हेच लागू. पायथनमध्ये 'ऑल' हे फंक्शन यादीतलं सगळं खरं आहे का ते सांगतं, त्याला रिकामी यादी दिली तर उत्तर 'ट्रू' येतं. 'सगळ्या ऑर्डरचे पैसे जमा झालेत का?' असं विचारलं, आणि क्वेरी चुकल्यामुळे ऑर्डरच आल्या नाहीत, तरी उत्तर 'हो'. नदीकाठ यांनी 'सर्व'चं जे सांगितलं त्याचंच हे रूप. नवीन मुलांना मी सांगतो की 'ऑल'च्या आधी यादी रिकामी नाही ना, ते तपासा.

काजवा

रात्रपाळी, हे पहिल्यांदाच कळलं. मग भाषा बनवणाऱ्यांनी रिकाम्या यादीला 'फॉल्स' का नाही ठेवलं? धोका कमी झाला असता.

रात्रपाळी

मग यादीचे दोन तुकडे करता आले नसते. शंभर ऑर्डर दोन भागांत वाटून वेगवेगळ्या तपासल्या आणि उत्तरं 'आणि'ने जोडली, तर एकूण उत्तर तेच यायला हवं. एक तुकडा रिकामा निघाला आणि त्याने 'फॉल्स' दिलं तर सगळा हिशेब बिघडला. रिकाम्याला 'ट्रू'च लागतं, जसं गुणाकार सुरू करताना १ धरावा लागतो.

वर्गपाठ

नदीकाठ, शीर्षकातला पहिला प्रश्न राहिलाच. 'मटेरियल' का? मुलं विचारतात आणि मला नीट सांगता येत नाही.

नदीकाठ

दोन थर आहेत.

जुना थर मध्ययुगीन युरोपचा. चौदाव्या शतकात पॅरिसचा झां ब्यूरिदां 'कॉन्सिक्वेन्शिया'चे म्हणजे निष्पत्तीचे दोन प्रकार करतो, फॉर्मल आणि मटेरियल. वाक्याचा साचा तोच ठेवून पदं बदलली तरी जी टिकते ती फॉर्मल. 'माणूस धावतो, म्हणून प्राणी धावतो' ही मटेरियल. कारण त्याच साच्यात 'घोडा चालतो, म्हणून लाकूड चालतं' असंही बसतं आणि ते उघड चूक आहे. इथे निष्पत्ती साच्यावर उभी नाही, पदांच्या अर्थावर उभी आहे. 'मटेरिया' म्हणजे साच्यात भरलेला ऐवज. 'प्रत्येक माणूस प्राणी आहे' हे वाक्य जोडलं की हीच निष्पत्ती फॉर्मल होते.

नवा थर रसेलचा. शब्दांची जोडी तीच, अर्थ मात्र वेगळा. 'सॉक्रेटिस माणूस असेल तर सॉक्रेटिस मर्त्य आहे' हे दोन ठाम विधानांमधलं नातं, त्याला तो मटेरियल म्हणतो. 'कोणीही क्ष घ्या, क्ष माणूस असेल तर क्ष मर्त्य आहे' हे मोकळ्या जागा असलेल्या साच्यांमधलं नातं, ते फॉर्मल. म्हणजे रसेलचं 'फॉर्मल' हे मी वर दिलेल्या संख्येच्या उदाहरणासारखं आहे, आणि त्या मोकळ्या जागेत ३ किंवा उणे ३ भरून मिळणारं प्रत्येक वाक्य मटेरियल.

पुढे 'प्रत्येक क्ष साठी' याला स्वतंत्र चिन्ह मिळालं आणि फॉर्मल इम्प्लिकेशन हे वेगळं नाव बाळगायची गरज उरली नाही. 'सर्व' अधिक साधं जर-तर, एवढं म्हटलं की काम भागतं. जोडीतलं एक नाव वापरातून गेलं आणि दुसरं एकटं राहिलं. म्हणून आज पुस्तकात 'मटेरियल' वाचलं की ते कशाच्या विरुद्ध आहे हे विद्यार्थ्याला कळायला वाव नसतो. वर्गात मी तरी आधी फॉर्मलचं उदाहरण देईन, मग त्यात संख्या भरेन आणि मग नाव सांगेन.

चिन्हाबद्दलही कुणी विचारेल म्हणून: जुन्या पुस्तकांत बाणाऐवजी घोड्याच्या नालासारखं चिन्ह दिसतं, ते इटालियन गणिती पेआनोच्या १८८९ च्या पुस्तकातल्या उलट्या रोमन सी या अक्षरावरून आलंय. रसेलने पेआनोचीच लिपी उचलली. फ्रेगेची खाली-खाली वाढत जाणारी रेषांची लिपी कुणीच चालवली नाही, जरी व्याख्या आधी त्याने दिली होती.

तर्कदीप

यात एक भर. स्टोइकांचं हे काम विधानांचं तर्कशास्त्र आहे, ॲरिस्टॉटलसारखं पदांचं नाही, हे ठामपणे दाखवलं ते पोलंडच्या यान लुकासिएविचने १९३० च्या दशकात. त्याआधीचे इतिहासकार त्यांना ॲरिस्टॉटलची कच्ची नक्कल समजत. फायलोला मात्र त्याच्याही आधी अमेरिकेच्या चार्ल्स पर्सने ओळखलं होतं. या वादात आपण फायलोच्या बाजूचे आहोत असं तो उघड म्हणे.

वर्गपाठ

आभार. क्ष वालं उदाहरण आधी, नाव नंतर, हा क्रम या आठवड्यात करून बघते. खालच्या दोन ओळी फळ्यावर मी लिहिणार नाही, उणे ३ आणि १ घालून मुलांनाच भरायला लावेन.